थांबलेला चंद्र

मार्गशीर्ष महिना म्हणजे हेमंत ऋतूचा ऐन बहर. पहाटे गवतावर दव साठते, घराघरांतून बाजरीच्या भाकरीचा खरपूस वास दरवळू लागतो आणि शाळेतील मुलांना नाताळच्या सुटीचे वेध लागतात. २०२३ साली या सुटीत एक सुरेख योग जुळून आला होता. सोमवारी, २५ डिसेंबरला नाताळ. आणि लगेच दुसऱ्या दिवशी मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती. दोन सण असे हातात हात घालून आले, तेव्हा ते घरात बसून कसे घालवावयाचे? माझे मामा डोंगरांचे मोठे भक्त. ते म्हणाले, “पोरांनो, यंदाची पौर्णिमा आपण हरिश्चंद्रगडावर साजरी करू.”

आम्ही नाशिकला एकाच आळीत राहणारे पाच मित्र. आमची खरी नावे शाळेच्या हजेरीपटापुरतीच; एरवी आम्ही एकमेकांना टोपणनावांनीच हाक मारतो. त्यातला एक वसईहून आलेला, म्हणून तो ‘वसईकर’. त्याचे घराणे ख्रिस्ती. घरात मराठी बोलतात आणि नाताळ थाटाने करतात. दुसरा सदा काही ना काही गुणगुणत असतो, म्हणून तो ‘गवई’. तिसऱ्याला प्रत्येक गोष्ट वेळेवर झालेली लागते. त्याचे नाव ‘घड्याळजी’. चौथा आमच्याहून दोन वर्षांनी लहान, तो ‘धाकटा’. त्याने आजवर एकही डोंगर चढलेला नव्हता. परंतु आम्ही जाणार हे कळताच त्याने असा हट्ट धरला, की शेवटी त्याच्या आईने मामांच्या भरवशावर परवानगी दिली. आणि पाचवा मी.

निघण्यापूर्वी मामांनी आम्हांला तीन नियम सांगितले. पहिला : जे वर न्यावयाचे ते सारे खाली परत आणावयाचे, कागदाचा एक कपटाही गडावर टाकावयाचा नाही. दुसरा : कड्याच्या दहा पावले अलीकडे थांबावयाचे. आणि तिसरा : जो सर्वांत सावकाश चालतो, त्याने सर्वांच्या पुढे चालावयाचे.

“हे उलटेच झाले की!” घड्याळजी म्हणाला. “जो वेगाने चालतो त्याने पुढे असावे, म्हणजे बाकीचे त्याच्यामागून भराभर येतील.”

मामा नुसते हसले. “डोंगरात गेल्यावर कळेल,” एवढेच ते म्हणाले.

घड्याळजीने मात्र एका कागदावर प्रवासाचे वेळापत्रक सुबक अक्षरांत लिहून काढले होते. मंगळवारी पहाटे नाशिक सोडणे, अकरा वाजता पाचनई गाव, अडीच वाजता गडमाथा, संध्याकाळी कोकणकड्यावरून सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी पहाटे तारामती शिखर आणि तेथून सूर्योदय. हा कागद त्याने खिशात जपून ठेवला होता.

ठरल्याप्रमाणे मंगळवारी पहाटे आम्ही निघालो. घोटी मागे टाकून बारी गावाजवळ आलो, तेव्हा कळसूबाईचे शिखर उन्हात न्हाऊन उभे होते. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर ते हेच. आम्ही गाडीतूनच हात जोडले. पुढे राजूर गाव लागले, आणि तेथून डोंगरांच्या कुशीतील वळणे घेत घेत आम्ही पाचनईस पोहोचलो. हे गाव अकोले तालुक्यात आहे. त्याचा जिल्हा म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर.

पाचनईला मामांच्या ओळखीचे एक महादेव कोळी कुटुंब आहे. त्या घरातील आजींनी आम्हांला नाचणीची भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा असे जेवण वाढले. त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही ‘दादा’ म्हणू लागलो, वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर येणार होता. निघताना आजींनी धाकट्याकडे पाहिले. “पहिल्यांदाच चढतोस ना, बाळा?” असे म्हणून त्यांनी कोपऱ्यातील एक गुळगुळीत काठी त्याच्या हाती दिली. “ही घे. पण परत आणून दे हो!”

वेळापत्रकाप्रमाणे आम्ही केव्हाच चढावर असावयास हवे होते. प्रत्यक्षात गाव सोडले तेव्हाच साडेबारा वाजून गेले होते.

पाचनईची वाट ही हरिश्चंद्रगडाच्या वाटांमध्ये सोपी समजली जाते. पण सोपी झाली तरी ती डोंगराचीच वाट. आरंभी झाडी, मग खडकाळ चढ, आणि मग एका प्रचंड कातळभिंतीखालून जाणारी पायवाट. ती भिंत डोक्यावर छपरासारखी पुढे आलेली आहे. मामा म्हणाले, “हा खडक म्हणजे थिजलेला अग्नी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. तो थंड होऊन हा काळा बेसॉल्ट खडक बनला. पाऊस आणि नद्या यांनी तो कोरला, आणि आपला सह्याद्री घडला.”

धाकटा काठी टेकीत सर्वांच्या पुढे चालला होता. दर पंधरा-वीस पावलांवर तो थांबे, धापा टाकी आणि ओशाळून मागे पाही. त्याच्या प्रत्येक थांबण्यासरशी घड्याळजी मनगटाकडे पाहून वेळ सांगे. तीन वाजले. साडेतीन वाजले. माझेही मन चुळबुळू लागले. कोकणकड्यावरच्या सूर्यास्ताची किती वर्णने मी ऐकली होती! तो आता हातचा जाणार, असे मला दिसू लागले. मामा आणि दादा काही अंतरावर मागे बोलत येत होते. ती संधी साधून मी धाकट्याला म्हणालो, “जरा पाय उचल की! सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार आहे?”

तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा मात्र एवढासा झाला. तो घाईघाईने पावले टाकू लागला. जेमतेम दहा पावले गेला असेल नसेल, तोच एक सुटा दगड त्याच्या पायाखालून सरकला आणि तो मटकन खाली बसला. त्याचा घोटा मुरगळला होता.

मामांनी त्याचा पाय हळुवार हाताने चाचपून पाहिला. हाड शाबूत होते. पण सूज येऊ लागली होती. दादाने जवळच्या ओहोळाच्या पाण्यात रुमाल भिजवून आणला. त्या गार रुमालाची पट्टी बांधता बांधता मामांनी विचारले, “अरे, इतका वेळ तर सावकाश चालला होतास. मग एकदम धावलास कशाला?”

धाकट्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग तो म्हणाला, “उगीच, मामा.”

त्या दोन शब्दांनी माझ्या मनाला जो चटका बसला, तो मी अद्याप विसरलेलो नाही. तो माझे नाव सांगू शकला असता. त्याने सांगितले नाही. मी माझा अपराध कबूल करू शकलो असतो. मी केला नाही.

माथा आता खालच्या गावापेक्षा जवळ होता. वर दादाचा तंबू होता, पांघरुणे होती. म्हणून हळूहळू वरच जावयाचे ठरले. एका बाजूस काठी आणि दुसऱ्या बाजूस वसईकराचा खांदा, अशा दुहेरी आधाराने धाकटा चढू लागला. आम्ही हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी पोहोचलो, तेव्हा सूर्य मावळत होता. कोकणकडा तेथून आणखी पुढे होता. घड्याळजीने खिशातून कागद काढला आणि ‘सूर्यास्त’ या शब्दावर मुकाट्याने रेघ ओढली.

परंतु त्या संध्याकाळी दुसरे एक दृश्य आमची वाट पाहत होते. इकडे पश्चिमेला तांबूस रंग पसरला होता आणि तिकडे पूर्वेला पूर्ण चंद्र वर आला होता. त्या दोन प्रकाशांच्या मध्ये ते प्राचीन दगडी मंदिर आपले शिखर उंचावून उभे होते. चांगदेवांनी या गडावर तप केले आणि ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच रचला, असे सांगतात. अशा स्थळी मोठ्याने बोलण्यासही जीभ धजत नाही.

दत्तजन्माची वेळ दिवेलागणीची. आईने सुंठवड्याची डबी मजजवळ दिली होती. मंदिराच्या आवारात आम्ही एक पणती लावली. गवयाने खड्या आवाजात आरती म्हटली, आणि मी सर्वांच्या हातांवर सुंठवडा ठेवला. वसईकरानेही तो दोन्ही हात पुढे करून घेतला. मग त्याने आपल्या पिशवीतील डबा उघडला. त्यात नाताळच्या करंज्या आणि केक होता. तो म्हणाला, “काल आमच्या घरी बाळाचा जन्म साजरा झाला, आज तुमच्या घरी झाला. दोन्ही बाळांचा खाऊ एकदमच खाऊ या.” मामांना हे बोलणे फार आवडले. त्या थंडीत सुंठवड्याचा तिखट गोडवा आणि करंजीतील ओल्या नारळाचा गोडवा एकमेकांत असे मिसळले, की तसा फराळ मी पुन्हा कधी खाल्ला नाही.

नंतर धाकट्याला मामांजवळ ठेवून दादाने आम्हांला केदारेश्वराची गुहा दाखविली. गुहेत भले थोरले शिवलिंग असून त्याच्याभोवती कमरेएवढे गार पाणी भरलेले आहे. लिंगाच्या चार कोपऱ्यांना चार खांब होते. त्यांतील तीन तुटले आहेत. एक मात्र अजून उभा आहे. “हे चार खांब म्हणजे चार युगे,” दादा म्हणाला. “चौथा पडला की जग बुडेल, असे आमची म्हातारी माणसे सांगतात.” विजेरीच्या उजेडात तो एकटा खांब मी बराच वेळ पाहत राहिलो.

रात्री तंबूत पहाटेचा विषय निघाला. धाकट्याला तारामतीचा चढ झेपणार नव्हता, हे उघड होते. तारामती शिखराची उंची १४२९ मीटर. गडावरील सर्वांत उंच जागा तीच. मामा म्हणाले, “मी धाकट्याबरोबर थांबतो. तुम्हां चौघांना दादा शिखरावर नेईल. पण कुणाला थांबावेसे वाटले, तर त्याने थांबावे. मी कुणाला जा म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही.”

धाकटा पांघरुणातून म्हणाला, “माझ्यासाठी कुणी राहू नका.” त्याचा आवाज किंचित कापत होता.

घड्याळजी स्पष्टपणे म्हणाला, “सूर्यास्त गेला. सूर्योदय मी चुकविणार नाही.” गवईही जाणार होता. “मी राहीन,” वसईकर म्हणाला. तो इतक्या सहजपणे म्हणाला, की जणू तारामतीपेक्षा तंबूच त्याला अधिक आवडत होता. आता सर्व जण माझ्या उत्तराची वाट पाहत होते; आणि मी झोपेचे सोंग घेतले.

मध्यरात्री मला जाग आली. मी बाहेर आलो, तो मामा चांदण्यात उभे होते. “तुझी सावली बघ,” ते म्हणाले. मी खाली पाहिले. माझी सावली भर दुपारच्या सावलीसारखी पायांशी गोळा झाली होती! मामांनी समजावून सांगितले, “हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलून आकाशात खालून जातो. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो. म्हणून हिवाळ्यातील पूर्ण चंद्र उत्तरेकडून, जवळजवळ डोक्यावरून जातो. ज्या ऋतूत सूर्य कमी प्रकाश देतो, त्याच ऋतूत चंद्र अधिक वेळ आकाशात राहतो.” चंद्राच्या शेजारी मृग नक्षत्र झळकत होते. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षापाशी येतो, म्हणूनच या महिन्याचे नाव मार्गशीर्ष पडले, हेही मला त्याच वेळी कळले.

मामांना सारे सांगून टाकावे, असे मला फार वाटले. पण शब्द ओठांपर्यंत येऊन परतले.

पहाटे साडेपाचला घड्याळजी, गवई आणि मी दादाच्या मागोमाग निघालो. थंडीने बोटे बधिर झाली होती. चांदणे इतके स्वच्छ होते, की विजेरी लावण्याची गरज पडली नाही. थोडे चढल्यावर मी मागे वळून पाहिले. मंदिराजवळ आमचा तंबू लहानसा दिसत होता. एकाएकी मला केदारेश्वराचा तो खांब आठवला. तिघांनी साथ सोडली तरी उभा राहिलेला तो एकटा खांब! वसईकराने धाकट्याला ना दुखविले होते, ना पळविले होते; आणि तरीही तो थांबला होता. ज्याच्यामुळे धाकट्याचा पाय मुरगळला, तो मी मात्र शिखराकडे चाललो होतो.

“दादा, मी परत जातो,” मी म्हणालो. तंबूपर्यंतची वाट समोर दिसतच होती. तरीही मी खाली पोहोचेपर्यंत दादा जागचा हलला नाही.

मला पाहून मामांनी काही विचारले नाही. धाकट्याची सूज उतरली होती. सपाट वाटेने काठीच्या आधाराने तो चालू शकत होता. “चला, आपण कोकणकड्याकडे जाऊ,” मामा म्हणाले. “सावकाश जाऊ.” धाकटा पुढे, आम्ही मागे. या खेपेस त्याच्या थांबण्याचा कोणालाही जाच वाटत नव्हता.

कोकणकडा! सह्याद्रीने कोकणासमोर उभारलेली ती नागाच्या फण्यासारखी आत वळलेली, अर्धवर्तुळाकार भिंत मी कशी वर्णन करू? आम्ही दहा पावले अलीकडेच बसलो. पायांखाली सारे कोकण धुक्यात बुडाले होते. खोल तळाशी बेलपाडा गाव झोपलेले होते. आणि समोर, त्या धुक्याच्या कडेवर, पौर्णिमेचा चंद्र टेकला होता. पांढरा चंद्र पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस झाला. इतक्यात आमच्या पाठीमागे सूर्य उगवला. त्याबरोबर आमच्या डोंगराची निळसर सावली समोरच्या धुक्यावर पसरली आणि तिचे टोक थेट चंद्राच्या दिशेने रोखले गेले. मागे सूर्य, पुढे चंद्र आणि दोहोंच्या मध्ये आम्ही! पृथ्वी सूर्य-चंद्रांच्या मध्ये आली म्हणजे पौर्णिमा होते, हे मी पुस्तकात वाचले होते. ते त्या क्षणी डोळ्यांनी पाहिले.

मी धाकट्याजवळ सरकलो. “काल मी तुला बोललो, ते मी बोलावयास नको होते. मामांना तू माझे नावही सांगितले नाहीस. माझे चुकले,” मी म्हणालो. हे सारे मामांनी ऐकले. मी ते त्यांना ऐकू जाईल अशा आवाजातच बोललो होतो.

धाकटा चंद्रावरची नजर न काढता म्हणाला, “सूर्य थांबला नाही, पण चंद्र थांबला की!”

आणि खरोखरच, सूर्य वर आल्यावरही काही वेळ तो चंद्र क्षितिजावर रेंगाळला आणि मग अलगद धुक्यात विरून गेला.

उन्हे वर आल्यावर घड्याळजी आणि गवई परत आले. सूर्योदयाचे वर्णन करताना त्यांचे शब्द अपुरे पडत होते; आम्हीही ते आनंदाने ऐकले. मग वसईकराने चंद्राची हकीकत सांगितली. घड्याळजी ती शांतपणे ऐकत राहिला. उतरताना त्याने कोणी न सांगता धाकट्याची पिशवी आपल्या पाठीवर घेतली आणि तो त्याच्या मागोमाग चालू लागला. धाकटा थांबला की तोही थांबे. पाचनई येईपर्यंत त्याने एकदाही मनगटाकडे पाहिले नाही. मामांच्या तिसऱ्या नियमाचा अर्थ आता आम्हां सर्वांना कळला होता. सर्वांत सावकाश चालणारा मागे राहिला, तर तो एकटा पडतो. तो पुढे असला, तर सारे सोबत राहतात.

आजी अंगणात धान्य पाखडीत बसल्या होत्या. धाकट्याने काठी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

“आजी, तुमच्या काठीला गड दाखवून आणला,” तो म्हणाला.

आजींनी काठी कोपऱ्यात ठेवली, त्याच्या पायाकडे पाहिले, आणि आम्हां पाचही जणांच्या तोंडांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली.

अभ्यास

१. मामांनी सांगितलेले तीन नियम कोणते? त्यांपैकी तिसरा नियम घड्याळजीला उलटा का वाटला?
२. “उगीच, मामा,” या दोन शब्दांतून धाकट्याचा कोणता गुण दिसतो?
३. हिवाळ्यातील पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर का येतो?
४. केदारेश्वराच्या गुहेतील खांब आठवून लेखक परत का फिरला? तुमच्या शब्दांत लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : वेध लागणे, जीभ धजणे, सोंग घेणे, साथ सोडणे.
६. तुमच्या गावाजवळच्या डोंगराची, टेकडीची किंवा गडाची माहिती मिळवा आणि मित्रांबरोबर केलेल्या एका सहलीचे वर्णन दहा ओळींत लिहा.